‘बेन-हर’ अख्खा दाखवावा की निवडक भाग? आणि आधी काय सांगावे?

प्रश्न : मंगळवेढ्याची लेक

सर्वांना नमस्कार.

सोलापुरात विजापूर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाच्या गच्चीवर एप्रिलच्या मध्यास, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की, ‘बेन-हर’ हा येशूच्या काळातली कथा सांगणारा १९५९ सालचा इंग्रजी चित्रपट दाखवावा असे आम्ही काही शेजाऱ्यांनी ठरवले आहे. प्रोजेक्टर मिळाला आहे. प्रेक्षक पंचवीस-तीस असतील. त्यांत आठवी-नववीतली मुले आहेत आणि सत्तरी ओलांडलेली वडीलधारी मंडळीही आहेत. दोन-तीन घरे सोडली तर बायबलशी कोणाचाच फारसा परिचय नाही. चित्रपट २१२ मिनिटांचा आहे. माझ्या भाच्याचे म्हणणे असे की, इतका वेळ मुले बसणार नाहीत, तेव्हा रथांची शर्यत आणि आगेमागे थोडेसे एवढेच दाखवून मोकळे व्हावे. त्याचे म्हणणे मला पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगताही येत नाही, म्हणून आपल्याकडे आले.

माझ्या आग्रहामागचे कारण घरचे आहे. माझे वडील मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली आणि नंतर ते सोलापुरात येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हते, मराठीही ते सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचत. मी बारा वर्षांची असताना रविवारी सकाळच्या खेळाला ते मला ‘बेन-हर’ पाहायला घेऊन गेले. त्यांनी तो आधी एकदा पाहिलेला होता. परतताना मी घोड्यांबद्दल आणि मोडलेल्या रथांबद्दल अखंड बोलत होते, ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी मला एकच विचारले, “त्याला पाणी पाजणारा माणूस पाहिलास का?” त्यानंतरही हा चित्रपट निघाला की ते शर्यतीविषयी कधी बोलले नाहीत, पाण्याविषयीच बोलले. खडीच्या कामावर उन्हात घागर कोणाकडे आधी जायची आणि कोणाकडे शेवटी, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले होते, त्यामुळे तो प्रसंग त्यांना का भिडला हे मला समजते. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, ही केवळ त्यांची स्वतःची आठवण त्या चित्रपटावर बसलेली होती, की चित्रपटातच ते मांडलेले आहे? ते चित्रपटातच असेल, तर शर्यत तेवढी कापून दाखवणे म्हणजे मूळ गोष्टच गाळणे होईल.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : संपूर्ण चित्रपट दाखवावा का, मध्यंतर कुठे घ्यावे, आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत लोकांना काय सांगितले तर त्यांना तो अधिक जवळचा वाटेल?

उत्तर : साचेखाते

ताई, संपूर्ण दाखवा. शर्यत वेगळी काढून दाखवली तर ती केवळ धावपळ उरते, कारण ती शर्यत वेगामुळे थरारक झालेली नाही, तिच्या मागे अडीच तास साचत आलेल्या संतापामुळे झाली आहे. ज्यूडा बेन-हर आणि मेसाला हे लहानपणीचे जिवलग मित्र. एक जेरुसलेममधला श्रीमंत ज्यू, दुसरा रोमन अधिकारी होऊन परतलेला. नवा सुभेदार रस्त्याने जात असताना ज्यूडाच्या बहिणीचा हात लागून छताचे कौल निसटते आणि सुभेदार घोड्यावरून पडतो. तो अपघात होता हे मेसाला स्वतः गच्चीवर जाऊन पाहतो, कौले हाताने हलवून खात्री करून घेतो, आणि तरीही मित्राला वल्ही मारण्याच्या शिक्षेवर पाठवतो व त्याच्या आईला आणि बहिणीला अंधारकोठडीत टाकतो. कौले हलवून पाहण्याचा तो अर्धा मिनिट मुलांना दिसला पाहिजे. तो दिसला नाही, तर पुढे नऊ रथ धावताना त्यांतल्या दोघांकडेच सगळ्यांचे डोळे का लागतात हे त्यांना कळणार नाही.

मी स्वतः यंत्रमागाच्या घरात वाढलो, त्यामुळे मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग म्हणजे जहाजाच्या पोटातला. एक माणूस दोन हातोडे घेऊन ठोका देतो आणि शेकडो माणसे त्या ठोक्यावर वल्ही ओढतात. सेनापती अरियस त्यांची परीक्षा घेण्यासाठी ठोका वाढवायला सांगतो. एकेक पायरीने लय चढत जाते, माणसे कोसळू लागतात, आणि अरियस त्या सगळ्यांत फक्त एका माणसाकडे पाहत राहतो. तिथे ज्यूडाला नाव नाही, तो ‘४१’ आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, ज्यांचे बालपण गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको की, यंत्राची लय आधी कानात शिरते आणि मग माणसाच्या हातापायांचा ताबा घेते. मिक्लोश रोझा या हंगेरीत जन्मलेल्या संगीतकाराने त्या प्रसंगात ठोका आणि वाद्यवृंद असे एकत्र विणले आहेत की, लय वाढते तसा आपलाही श्वास वर चढतो.

इतिहासाच्या बाजूने एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. रोमन आरमारात वल्ही मारणारे सर्वसाधारणपणे पगारी, स्वतंत्र लोक असत. गुन्हेगारांना साखळीने बांधून वल्ह्यांवर बसवण्याची पद्धत युरोपात फार नंतरच्या काळात रुळली. हा तपशील चित्रपटाआधी मूळ कादंबरीतच आहे. मला त्यामुळे प्रसंगाचे मोल कमी झाल्यासारखे वाटत नाही, पण समोर इतिहासाचा विद्यार्थी बसलेला असेल तर त्याला खरे काय ते माहीत असावे.

आणि एक निरीक्षण, जे तुमच्या वडिलांच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. या चित्रपटाचे महत्त्वाचे क्षण बहुतेक निःशब्द आहेत. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी निर्मितीसंस्थेच्या बोधचिन्हातल्या सिंहालासुद्धा या चित्रपटापुरते गप्प ठेवले, कारण त्याच्या पाठोपाठ येशूच्या जन्माचे दृश्य येते. रथांची प्रत्यक्ष धाव सुरू झाली की संगीत पूर्णपणे थांबते. आधी रथांच्या संचलनाला भव्य कूच वाजते आणि नंतर फक्त चाके, टापा, चाबूक आणि गर्दी. ज्यांना इंग्रजी येत नव्हते अशा सोलापुरातल्या किती तरी कामगारांनी हा चित्रपट आवडीने पाहिला, याचे कारण मला यातच दिसते. त्यांच्यापासून काही लपून राहिले नव्हते.

उत्तर : रोहिणी-मृग

शर्यतीबद्दल थोडे सांगतो, कारण ती कापून दाखवू नये हे खरे असले तरी तिच्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

शर्यतीत ज्यूडाच्या रथाला असतात त्या, शेख इल्देरिमच्या चार पांढऱ्या घोड्यांची नावे मुलांना आधीच सांगा : अल्देबारान, अंतारेस, आल्तेर आणि रायजेल. ही चारही ताऱ्यांची नावे आहेत आणि ते तारे आपल्या अगदी ओळखीचे आहेत. अल्देबारान म्हणजे आपली रोहिणी, अंतारेस म्हणजे ज्येष्ठा, आल्तेर म्हणजे श्रवण आणि रायजेल म्हणजे मृगातला तो ठळक निळसर तारा. रोहिणी आणि मृग ही आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असणारी नावे, त्यांच्यावर पेरणीचा हिशेब चालतो. आपण गच्चीवर बसणार आहात आणि तेही एप्रिलच्या मध्यास, हा उत्तम योग आहे. साडेसातला सुरुवात केलीत तर पश्चिमेला रोहिणी आणि मृग चांगले वर असतील, दहाच्या सुमारास ते क्षितिजाला टेकतील आणि साधारण त्याच वेळी आग्नेयेकडून तांबूस ज्येष्ठा उगवू लागेल. श्रवण मात्र मध्यरात्रीनंतरच दिसेल. म्हणजे त्या संध्याकाळी मुलांना तीन घोडे आकाशात दाखवता येतील.

ज्यूडा हे घोडे कसे जुंपतो, तेही पाहण्यासारखे आहे. वळणावर आतल्या घोड्याला कमी अंतर कापायचे असते आणि बाहेरच्याला जास्त. म्हणून जो फार वेगवान नाही पण ठाम आहे तो आत, आणि जो पळण्यात सरस आहे तो बाहेर. चौघांनी मिळून एक वळण घ्यायचे. बैलजोडी जुंपणाऱ्या कोणालाही यातले शहाणपण लगेच कळेल. इल्देरिमच्या तंबूत घोडे आत येतात तेव्हा तो त्यांच्याशी घरच्या लेकरांसारखा बोलतो. मेसाला मात्र घोड्यांकडे पाहताना दिसत नाही, तो प्रतिस्पर्ध्याकडे पाहतो, आणि त्याच्या रथाच्या चाकाला धारदार पाती लावलेली आहेत. दोन माणसांतला फरक घोड्यांच्या निमित्ताने किती स्पष्ट होतो!

रोमजवळच्या चिनेचित्ता या चित्रनगरीत सुमारे १८ एकरांचे रिंगण बांधून ही शर्यत चित्रित केली गेली. तिची आखणी आणि दिग्दर्शन अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांचे. ज्यूडा झालेले चार्लटन हेस्टन आणि मेसाला झालेले स्टीफन बॉइड हे दोघेही रथ हाकायला शिकले होते. एका ठिकाणी मोडून पडलेल्या रथावरून ज्यूडाचा रथ उडी घेतो आणि तो पुढे फेकला जातो. तो हेस्टन नव्हे, कनट यांचा मुलगा जो. तो फेकला जाणे ठरलेले नव्हते. तो सुखरूप बचावला, हनुवटीला जखम झाली तेवढीच, आणि मग हेस्टन रथात पुन्हा चढत असल्याचे दृश्य वेगळे घेऊन ते तिथे जोडले गेले. या चित्रीकरणात एक माणूस ठार झाला आणि ते दृश्य चित्रपटात तसेच ठेवले, अशी एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि आपल्या गच्चीवरही कोणी तरी ती नक्की सांगेल. ती खरी नाही. १९५९ च्या चित्रपटाच्या शर्यतीत कोणाचाही मृत्यू झाला नाही.

आता एक वेगळे मत मांडतो. शर्यतीनंतरचा भाग मला तरुणपणी लांबलेला वाटत असे. शत्रू हरला, मेला, आता आणखी काय राहिले, असे वाटायचे. पण मरणाच्या दारातला मेसाला ज्यूडाला सांगतो की तुझी आई आणि बहीण जिवंत आहेत, त्यांना कुष्ठरोग्यांच्या दरीत शोध, आणि शर्यत अजून संपलेली नाही. विजयाचा मुकुट मिळालेल्या माणसाकडे त्या क्षणी काहीच उरत नाही. हे मला चाळिशीनंतर उमगले. मुलांना कदाचित तो भाग जड जाईल, तरी दाखवावा, असे आता माझे मत आहे.

उत्तर : शुभवर्तमान वाचक

ताई, आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर : होय, ते चित्रपटातच आहे. आपल्या वडिलांनी गाभाच ओळखला होता.

लू वॉलेस या अमेरिकी सेनाधिकाऱ्याने १८८० साली ‘बेन-हर’ ही कादंबरी लिहिली आणि तिला ‘ख्रिस्ताची एक कथा’ असे उपशीर्षक दिले. नायक ज्यूडा आहे, पण कथा ख्रिस्ताची आहे, आणि तरीही ख्रिस्त त्यात मोजक्याच वेळा, बाजूने जाताना दिसतो. १८९९ साली कादंबरीचे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा ख्रिस्ताच्या जागी नट न ठेवता केवळ प्रकाशझोत वापरला गेला. १९२५ च्या मूकपटातही त्याचा चेहरा दाखवला नाही. त्या मूकपटाच्या शर्यतीच्या चित्रीकरणात तरुण विल्यम वायलर अनेक साहाय्यकांपैकी एक होते, आणि चौतीस वर्षांनी त्यांनी स्वतः तीच कथा दिग्दर्शित करताना तोच संयम पाळला. क्लॉड हीटर या अमेरिकी ऑपेरा गायकाने ती भूमिका केली. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही, चेहरा एकदाही दिसत नाही, आणि ज्याचे आयुष्य आवाजावर उभे होते त्या गायकाच्या वाट्याला येथे एक शब्दही आला नाही.

नाझरेथच्या विहिरीचा प्रसंग शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, नाही, तो वॉलेस यांचा आहे. वल्ह्यांवर पाठवल्या जाणाऱ्या कैद्यांची रांग वाळवंटातून चाललेली असते. गावात सगळ्यांना पाणी मिळते, पण ज्यूडाला द्यायचे नाही असे रोमन अधिकारी बजावतो. ज्यूडा जमिनीवर कोसळून देवाचा धावा करतो आणि तेवढ्यात एक हात पुढे येतो, त्याच्या डोक्यावर, चेहऱ्यावर पाणी घालतो आणि त्याला प्यायला देतो. अधिकारी चाबूक घेऊन ओरडत येतो. पाणी देणारा सुताराचा मुलगा, म्हणजे येशू, उभा राहतो आणि त्याच्याकडे पाहतो. आपल्याला पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. चेहरा दिसतो तो त्या अधिकाऱ्याचा. तो थबकतो, काही बोलू पाहतो, नजर वळवतो, मागे सरतो, पुन्हा एकदा वळून पाहतो. येशूचा चेहरा कसा असेल हे आपल्याला त्या घाबरलेल्या, ओशाळलेल्या सैनिकाच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. धार्मिक चित्रपटांत मी इतके विनम्र दृश्य दुसरे पाहिलेले नाही.

यानंतर पाण्याचा धागा कुठेही तुटत नाही. समुद्रातल्या लढाईनंतर ज्यूडा अरियसला वाचवतो आणि जहाजावर आल्यावर अरियससाठी आणलेला पाण्याचा प्याला तो आधी ज्यूडाच्या हाती देतो. सेनापती गुलामाला आधी पाजतो. पुढे, डोंगरावर लोक येशूचे प्रवचन ऐकायला जमलेले असताना ज्यूडा ओढ्याशी थांबतो, त्या जुन्या पाण्याची आठवण काढतो आणि म्हणतो की ते वाळूत ओतले असते तर बरे झाले असते, मी अजून तहानलेलाच आहे. प्रवचन ऐकायला तो थांबत नाही. शेवटी क्रूस वाहत चाललेला माणूस रस्त्यात पडतो, ज्यूडा गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पाणी घेऊन जातो, कारण त्याने तो चेहरा ओळखलेला असतो. हाच तो. सैनिक ते पाणी उडवून लावतो. ज्यूडाला पूर्ण परतफेड करू दिली जात नाही, आणि मला वाटते की कथा तिथे अधिक खरी होते. मग वादळ, आणि पाऊस. क्रूसाखालून वाहणारे पाणी डोंगरउतारावरून खाली येते, आणि गुहेत थांबलेल्या ज्यूडाची आई मिरियम आणि बहीण तिर्झा कुष्ठरोगातून बऱ्या होतात.

मराठी बायबलात ‘तान्हेला’ हा शब्द आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे, आणि तिथे राजा विचारतो ते हेच की तान्हेल्याला तुम्ही पाणी दिलेत की नाही. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसावरचा येशू स्वतः तहान लागल्याचे सांगतो. वॉलेस यांनी विहिरीचा प्रसंग कल्पनेने रचला, पण तो रचताना त्यांचा हात कुठल्या वचनांवर होता हे वाचकाला सहज दिसते. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून आमची मंडळी आहे, आणि मोठ्या आठवड्यात, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यात, घरी हा चित्रपट पाहण्याची आमच्या कुटुंबाची जुनी रीत आहे. दर वर्षी विहिरीच्या दृश्याला आजी पदर डोळ्यांना लावायची. तिलाही इंग्रजी येत नव्हते.

संगीताकडेही लक्ष द्यावे. येशू जवळ येतो तेव्हा रोझा यांच्या रचनेत ऑर्गनचा स्वर शिरतो. ज्याच्या कानाला ती खूण एकदा पटली, त्याला पुढे रस्त्यावरच्या प्रसंगात ज्यूडाच्या आधीच ओळख पटेल.

सुरुवातीला सांगण्यासाठी माझी सूचना एवढीच : बायबल समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. रोमचे राज्य होते, ज्यू लोक त्याच्या अमलाखाली होते, आणि त्यांच्यातल्या एका सुताराच्या मुलाचा आणि ज्यूडाचा जन्म साधारण एकाच काळातला, इतके पुरे. आणि पाण्यावर लक्ष ठेवा, असे सांगा.

उत्तर : आरोग्यसेविका

कुष्ठरोगाचा उल्लेख आला आहे म्हणून थोडे लिहिते. चित्रपटातली ती दरी आणि टोपलीतून खाली सोडलेले अन्न पाहून मुलांच्या मनात या रोगाविषयी भीती बसण्याचा संभव आहे. या रोगाचा जंतू हान्सन यांनी १८७३ साली शोधला, १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आज हा रोग सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना संसर्गाची भीती उरत नाही. मध्यंतरात हे दोन वाक्यांत सांगितलेत तर फार चांगले होईल. ज्यूडा शेवटी तिर्झाला हातांवर उचलून दरीबाहेर आणतो, तेव्हा ती अजून बरी झालेली नसते. माझ्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही त्या स्पर्शाचे मोल सांगावे लागणार नाही.

उत्तर : बिनरंगी कापड

इतरांनी आशयाचे सांगितले, मी पडद्याचे सांगतो, कारण तो चुकला तर बाकी सगळे वाया जाईल.

हा चित्रपट ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आणि त्याच्या चौकटीचे प्रमाण २.७६ ला १ आहे. म्हणजे उंचीच्या पावणेतीन पटींहून थोडी जास्त रुंदी. इतकी रुंद चौकट फार थोड्या चित्रपटांना लाभली. छायाचित्रकार रॉबर्ट सर्टीस यांनी ती पूर्ण वापरली आहे. शर्यतीत एका कडेला मेसाला आणि दुसऱ्या कडेला ज्यूडा, आणि विहिरीच्या प्रसंगात एका बाजूला उभी पाठ व दुसऱ्या बाजूला तो सैनिक. दूरचित्रवाणीसाठी कडा छाटलेली प्रत लावलीत तर दोघांपैकी एकजण चौकटीबाहेर जाईल. म्हणून प्रत आधी तपासून घ्या. वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसत असतील तर ती प्रत योग्य आहे, त्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणू नका.

हिशेब असा : कापड पाच मीटर रुंद असेल तर प्रत्यक्ष चित्राची उंची सुमारे १.८ मीटर येईल. आपल्या प्रोजेक्टरची चौकट बहुधा १६ ला ९ असेल, तेव्हा तेवढ्याच रुंदीत ती २.८ मीटर उंच होईल आणि वर-खाली अर्धा-अर्धा मीटर काळे राहील. सोलापुरी चादर पडद्यासाठी वापरू नये. वीण जाड असते आणि नक्षी चित्रात डोकावते. घट्ट विणीचे पांढरे मांजरपाट घ्यावे, धुऊन इस्त्री करावी, वर आणि खाली नेफा शिवून त्यात बांबू किंवा नळी घालावी, म्हणजे गच्चीवरच्या वाऱ्याने पडदा फुगणार नाही. कापड मी देतो, ताई, त्याचे पैसे नकोत. पन्ना जोडावा लागला तर शिवण आडवी आणि चित्राच्या वरच्या काळ्या भागात येईल अशी घेऊ.

मंगळवेढ्याची लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कापडासाठी मी या रविवारी येते.

काल रात्री विहिरीचा प्रसंग पुन्हा काढून पाहिला, भाच्याला शेजारी बसवून. त्याला आधी काही सांगितले नाही. तो सैनिक दुसऱ्यांदा वळून पाहतो तिथे त्याने स्वतः चित्रपट थांबवला आणि विचारले, “याने काय पाहिले?” मी म्हटले, ते आपल्याला दाखवलेले नाही. मग त्याने तो प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला. आता कापून दाखवण्याचा विषय त्यानेच बंद केला आहे.

वडिलांविषयी माझा जो समज होता, तोही थोडा बदलला. मला वाटत होते की त्यांचे लक्ष पाणी मिळालेल्या माणसाकडे असेल, कारण कामावर ते स्वतः त्या जागी होते. ‘शुभवर्तमान वाचक’ यांचे उत्तर वाचल्यावर त्यांचे शब्द नीट आठवले. त्यांनी मला पाणी पिणाऱ्याबद्दल कधीच विचारले नव्हते, पाजणाऱ्याबद्दल विचारले होते. गिरणीतल्या नोकरीच्या अखेरपर्यंत ते उन्हाळ्यात आमच्या दारात माठ भरून ठेवत आणि त्यावर पितळी ओगराळे टांगत. कोणी थांबले की ते हातातले काम बाजूला ठेवून स्वतः उठत. ते ओगराळे अजून माझ्याकडे आहे.

बेत असा ठरला आहे. शनिवारी बरोबर साडेसातला सुरुवात. ज्यूडावर प्रेम करणारी एस्थर त्याला त्याची आई आणि बहीण मरण पावल्याचे खोटेच सांगते आणि तो संतापाने निघून जातो, तिथे चित्रपटाचे स्वतःचे मध्यंतर आहे, तेच ठेवले आहे. त्या वीस मिनिटांत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आरोग्यसेविका ताईंनी सांगितलेली दोन वाक्ये मी बोलेन. तोपर्यंत रोहिणी आणि मृग खाली गेलेले असतील, म्हणून ते दोन तारे मुलांना सुरुवातीलाच दाखवू आणि ज्येष्ठा मध्यंतरात. ‘रोहिणी-मृग’ आणि ‘साचेखाते’ यांना येणे जमत असेल तर जरूर यावे, जागा पुष्कळ आहे. जिन्याच्या तोंडाशी माठ भरून ठेवलेला असेल.